चित्रातला फोन नंबर

मी एक जुनी वेबसाइट आहे. हसलात ना? वाटलंच मला. जुनं घड्याळ किंवा जुनी सायकल बोलायला लागली की तुम्ही मुलं कशी गुपचूप ऐकता, आणि वेबसाइट म्हटल्याबरोबर एकमेकांना कोपराने ढोसता. पण मित्रांनो, मलाही कुणीतरी जीव ओतून घडवलं, मीही उमेदीने काम केलं, माझंही कौतुक झालं आणि मग हळूहळू सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. तेव्हा जरा शांत बसा आणि ऐका. वेबसाइटला कान कुठून आले, असं मध्येच विचारायचं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी सकाळपासून असते. तिथलं सगळं माझ्या कानावर पडतं.

आमचं दुकान व्हीलचेअर दुरुस्त करण्याचं. कुबड्या, वॉकर, चार पायांच्या काठ्या, असंही पुष्कळ काही येतं, पण मुख्य काम खुर्च्यांचं. आत शिरलात की आधी रबराचा आणि ग्रीसचा वास येतो. भिंतीवर टायर टांगलेले असतात. फळ्यांवर जुन्या डब्यांमधून आरे, बेअरिंग, नटबोल्ट आणि ब्रेकच्या दांड्या भरलेल्या असतात. मालकांच्या हातात पाना आणि कानामागे पेन्सिल नसेल तर त्यांना बरं नाही असं खुशाल समजावं. समोरच्या टेबलाशी मालकीणबाई बसतात. त्या फोन घेतात, आणि फोन नसेल तेव्हा खुर्च्यांच्या बैठकी शिवतात. त्यांची लेक इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर काम करते आणि सुटी झाली की दुकानात येते.

या दुकानाला उंबरठा नाही. पूर्वी होता. एकदा एका आजोबांच्या खुर्चीचं चाक त्याला अडकलं, आणि बिचारे रस्त्यावरच्या माणसांना "जरा उचलता का हो?" असं विचारत बसले. मालकांनी ते आतून पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी छिन्नी घेतली, उंबरठा तोडला आणि दारात सिमेंटचा उतार केला. "माझ्या दारात कुणाला 'उचला' म्हणायला लागता कामा नये," असं ते सगळ्यांना ऐकवायचे. नंतर एका गवंड्याने तो ओबडधोबड उतार बघून नाक मुरडलं होतं, पण मालकांनी त्याला हात लावू दिला नाही.

त्यांची कामाची एक पद्धतही सांगते, कारण पुढे तिचं फार काम आहे. दुरुस्तीला खुर्ची आली की मालक आधी पाना उचलत नाहीत. आधी स्वतः त्या खुर्चीत बसतात. पाय पट्टीवर ठेवतात, दुकानभर फिरतात, मागे जातात, ब्रेक लावतात, खाली पडलेला एखादा स्क्रू वाकून उचलून बघतात. मग म्हणतात, "हं, आता कळलं कुठे दुखतंय." नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळायचं, "बैठक आधी, पाना नंतर."

आता माझा जन्म. मालकांना एक बहीण आहे. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. ती तेव्हा कॉम्प्युटर शिकत होती आणि सुटीत घरी आली होती. याच दुकानात, डब्यांची एक फळी रिकामी करून, तिने आपला कॉम्प्युटर मांडला आणि मला करायला घेतलं. दोघं भावंडं काय भांडायची म्हणून सांगू! धाकटी म्हणायची, "दादा, लोकांना थोडक्यात सांगायचं असतं." दादा म्हणायचे, "थोडक्यात कसं? ब्रेक कसा घासतो ते नको सांगायला?" शेवटी माझ्या पोटात ब्रेक, टायर, बेअरिंग सगळं आलं. वरच्या कोपऱ्यात एक चाक आलं, ते गरागरा फिरायचं. तळाला एक आकडा आला, कुणी मला उघडलं की तो पुढे सरकायचा. आणि मधोमध आला फोन नंबर.

हा नंबर नीट लक्षात ठेवा. दुकानाची पाटी ज्या रंगाऱ्याने रंगवली, त्याचं अक्षर म्हणजे मालकांचा जीव की प्राण. पाटीवरच्या नंबराचे ते निळे आकडे, त्यांच्या शेपट्या, त्यांच्या कडेची पिवळी रेघ! "वेबसाइटवर हाच नंबर पाहिजे, असाच्या असा," मालक हटूनच बसले. धाकटीने पाटीचा फोटो काढला, त्यातला नंबर कापला आणि मला चिकटवला. म्हणजे माझ्याकडे नंबर लिहिलेला नव्हता, नंबराचं चित्र होतं. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मला तर तो कपाळावरच्या टिकलीसारखा मिरवावासा वाटायचा.

काय कौतुक झालं माझं! शेजारचा गादीवाला येऊन बघून गेला. मालकीणबाईंचे माहेरचे लोक आले तर चहाच्या आधी मी. "अय्या, चाक फिरतंय की!" आणि कौतुक सोडा, मी कामही तसंच केलं. त्या काळी लोक घरी किंवा दुकानात मोठ्या पडद्यासमोर बसून मला उघडायचे, नंबर कागदावर उतरवून घ्यायचे आणि फोन करायचे. मालकीणबाईंना शिवणयंत्रावरून उठता उठता नाकी नऊ यायचे. कुणाच्या आईची खुर्ची, कुणाच्या मुलाचा वॉकर. मी दिवसभर लोकांना आत घ्यायची आणि संध्याकाळी, खरं सांगते, मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. धाकटी पुढे लग्न करून लांबच्या शहरात गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, हिला सांभाळ हं." मालकांनी ते वाक्य फारच मनावर घेतलं.

मग लोकांच्या हातात मोबाईल आले.

सुरुवातीला मला काही कळेना. मी होते तेवढीच रुंद, आणि पडदा मात्र तळहाताएवढा. मला त्यात कोंबलं की माझी अक्षरं मुंग्यांएवढी व्हायची. माझ्या पोटातली पानं उघडायला माउसचा बाण वर न्यावा लागायचा. आता बोटाला कुठला आलाय बाण? लोक टकटक करायचे, टकटक करायचे आणि निघून जायचे. नंबराच्या चित्रावर बोट ठेवायचे, पण चित्रच ते, फोन कसा लागणार? त्यातच एक नवीन पीडा सुरू झाली. मला उघडायला गेलं की आधी लोकांना सूचना दिसायची, 'ही वेबसाइट सुरक्षित नाही.' अगं बाई, मी कुणाचं काय चोरलं होतं? माझ्यात कुलूप बसवायची नवी पद्धत आली होती आणि ते कुणी बसवलं नव्हतं, एवढंच. पण लोकांना ते कोण सांगणार? दारावरच असं वाचल्यावर कुणीही परत फिरेल.

आणि मला ओरडता येत नव्हतं. मला ते सगळे दिसायचे, मित्रांनो. आलेली माणसं दिसायची आणि गेलेली दिसायची. 'अहो, थांबा, आत चांगला माणूस बसलाय, तुमचीच वाट बघतोय' असं म्हणावंसं वाटायचं. 

दुकानातलं काम कमी कमी होत गेलं. पूर्वी खुर्च्या भिंतीशी रांगेने उभ्या असायच्या. आता जमीन मोकळी दिसायला लागली. मालक स्वच्छ डबे पुन्हा स्वच्छ करायचे. मालकीणबाई म्हणायच्या, "मंदी आहे, अहो. सगळीकडेच आहे." लेक मात्र गप्प बसणारी नव्हती. ती इस्पितळातल्या कितीतरी लोकांना रांगेच्या घाईत नुसतं आमच्या दुकानाचं नाव सांगायची, आणि तेच लोक नंतर तिच्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "नाही हो सापडलं."

"बाबा, वेबसाइट नवीन करायला हवी," ती म्हणाली.

"का? ही काय वाईट आहे?"

"हिच्यातून कुणी आत येत नाही."

"कोण म्हणतं? तो आकडा बघ खालचा! रोज पुढे सरकतो."

"बाबा, तो तुम्हीच सरकवता."

खरंच होतं ते. शटर वर केलं की मालक आधी मला उघडायचे. दुपारी मालकीणबाई त्यांच्या बहिणीला दाखवायला उघडायच्या. संध्याकाळी आकडा किती झाला ते बघायला मालक पुन्हा उघडायचे. घरातलीच माणसं मला आत-बाहेर करत होती आणि गिऱ्हाईक वाढलं म्हणून खूश होत होती! मालक त्या दिवशी वरमले, पण हटले नाहीत. म्हणाले, "जुनी झाली म्हणून टाकून द्यायची? अगं, जुनं टाकू नका, मी नीट करून देतो, हे सांगतच मी आयुष्य काढलं. आणि ही धाकटीच्या हातची आहे. तिला काय वाटेल?"

 मला भरून आलं. पण मित्रांनो, कुणी आपल्यावर इतकी माया करावी आणि त्या मायेनेच त्याचं नुकसान व्हावं, याइतकी वाईट गोष्ट नसेल. मला तर वाटत होतं, काढा मला, एकदाचं काढा.

त्याच सुमाराला मालकांना एक बोलावणं आलं. एका मोठ्या शोरूमला विक्रीसाठी माणूस हवा होता. खुर्च्यांचंच दुकान, पण तिथे दुरुस्ती नाही. जुनी खुर्ची घेऊन कुणी आलं की त्याला नवी विकायची. दुकान बंद करायचं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून तिथे उभं राहायचं, महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही सांगायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."  मालकांनी आपला पाना पुसला, फळीवर ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा पुसला. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकान राहणार की जाणार, यावर सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

मध्येच एक गुळगुळीत भांग पाडलेला गृहस्थ आला. वेबसाइट बनवून विकणारा. त्याने मला एकदा वरून खाली बघितलं आणि असा चेहरा केला की बस. "साहेब, ही तर इतिहासजमा झाली. हल्ली दोन वर्षांत बदलतात लोक. शेजारच्या गादीवाल्यांना मीच करून दिली. त्यात ढग तरंगतात."

"गादीवाल्याने दाढी केली म्हणून मी पण करायची का?" मालकांनी विचारलं.

"तसं नाही, पण बदललेली बरी दिसते ना."

"कुणाला?"

गृहस्थाने खांदे उडवले. मालकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यांचं तेव्हाही चुकलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. माझा तर तो गृहस्थ अपमान करून गेला होता, म्हणून मी खूशच झाले. पण खुशीत मला हे विसरायला नको होतं की मालकांनी विचारलेल्या 'कुणाला?' या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलं नाही. ते खुर्चीत बसून आलं.

एके दुपारी दारातल्या उतारावरून एक बाई आत आल्या. त्यांचे भाऊ मागून खुर्ची ढकलत होते. खुर्चीचं पुढचं एक चाक आडवं झालं होतं आणि जमिनीवर खरडत येत होतं. बाई घरी गणिताची शिकवणी घेतात, म्हणून आपण त्यांना शिकवणीच्या बाई म्हणू. त्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यामुळे त्या मोबाईल बोलूनच वापरतात. त्या सांगतात आणि मोबाईल पानावरचं वाचून दाखवतो.

"सापडलात एकदाचे!" बाई म्हणाल्या. "भाऊ गावाहून आला, त्याने शोधत शोधत आणलं. मी तर तुमच्या वेबसाइटवर कितीदा येऊन गेले."

मालकांचा चेहरा फुलला. "आलात ना? बघितलीत ना? मग फोन करायचा की."

"कुठे करू? तुमचा नंबर कुठाय?"

"असं कसं? एवढा मोठा मधोमध आहे!"

"माझा फोन म्हणतो तिथे चित्र आहे."

मालकांना काही उमगलं नाही. त्यांनी आपली नेहमीची पद्धत धरली. बाईंना दुकानातल्या चांगल्या खुर्चीत बसवलं, त्यांच्या खुर्चीत स्वतः बसले, फिरायला गेले आणि पडता पडता वाचले. "किती दिवस झालं हे?"

"दोन महिने होतील. तेव्हापासून घरातच आहे मी. मुलं शिकायला घरी येतात, त्यामुळे ते चालू आहे. पण बाहेर नाही. संध्याकाळी कुणी ना कुणी बागेपर्यंत न्यायचं, ते सुटलं. बहिणीला मुलगी झाली, तिलाही नाही बघितलं अजून."

मालक त्या मोडक्या खुर्चीत तसेच बसून राहिले. तो दोष अगदी साधा होता. चाकाची खीळ झिजली होती. चहा होईपर्यंत झालं असतं ते काम. "अहो, पण..." मालकांचा आवाज फाटला. "अहो, मी रिकामाच बसलो होतो इथे. दोन महिने. रोज डबे पुसत होतो. इथून तुमचं घर किती लांब?"

"पलीकडच्या चौकात," बाईंचे भाऊ म्हणाले.

मित्रांनो, मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाजूला एक माणूस काम नाही म्हणून झुरत होता, दुसऱ्या बाजूला एक बाई काम करून देणारा मिळेना म्हणून घरात अडकली होती. दोघांच्या मध्ये फक्त मी होते. दार म्हणून मला तिथे उभं केलं होतं, आणि मी भिंत होऊन बसले होते.

मालकांनी खीळ बदलली, चाक सरळ केलं, ब्रेकही घट्ट केले. तेवढ्यात इस्पितळातून लेक आली. मालकीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, बैठक आधी, पाना नंतर. बसा."

"कशात?"

"तुमच्या वेबसाइटमध्ये. बाई, तुमचा फोन जरा देता का?"

बाई हसल्या. "अवश्य."

लेकीने फोन टेबलावर ठेवला आणि मालकांना हात मागे बांधायला लावले. "आता हात वापरायचे नाहीत. बाई करतात तसं बोलूनच आपलं दुकान शोधा आणि दुकानाला फोन लावा."

मालकांना वाटलं, त्यात काय. त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं. मी उघडले. उघडताना आधी ती मेली 'सुरक्षित नाही'ची सूचना आलीच. बाईंनी ती कशी ओलांडायची ते सांगितलं. मग बाईंचा फोन मला वाचायला लागला. "चित्र. चित्र. लिंक. लिंक. लिंक. चित्र."

"नंबर सांग," मालक म्हणाले.

"चित्र."

"अरे, चित्र नाही, नंबर! निळ्या अक्षरातला!"

"चित्र."

"अहो, तो तसा ऐकायचा नाही," मालकीणबाई म्हणाल्या. पण मालक आता इरेला पेटले होते. ते ओरडले, मग विनवणी केली, मग नुसतेच "नंबर, नंबर" करत राहिले. सुरुवातीला सगळे हसत होते. मालकांचे हात पाठीमागे तसेच घट्ट होते आणि कपाळावर घाम आला होता. मग कुणी हसेना.

"मी माझ्याच दुकानात नाही येऊ शकत," ते शेवटी म्हणाले.

ते उठून कॉम्प्युटरजवळ आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे असं बघताना मी पाहिलं होतं. सांगाडाच तडकलेला असेल तर मालक दुरुस्तीला घेत नाहीत. कितीही जुनी, कितीही लाडकी खुर्ची असली तरी गिऱ्हाइकाला सरळ सांगतात की ही आता माणसाला पाडेल. ते सांगताना त्यांना किती वाईट वाटतं ते मला माहीत आहे.

"हिचा सांगाडाच गेलाय गं," ते लेकीला म्हणाले. "पट्टी बदलून भागणार नाही."

मग मालकांनी धाकटीला फोन लावला.  "अगं, ते... तू केलेली ना ती... वेबसाइट..."

"कुठली? दादा! ती अजून आहे?" पलीकडून धाकटी एवढ्याने हसली की सगळ्यांना ऐकू आलं. "मला वाटलं केव्हाच काढली असशील! अरे, तेव्हा मी शिकत होते. आता मीच कुणाची अशी बघितली तर नाक मुरडेन."

"तूच म्हणाली होतीस ना, सांभाळ म्हणून?"

 "वेडा आहेस तू, दादा," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज आता हसरा नव्हता. "सांभाळ म्हणजे तशीच ठेव असं नव्हतं रे म्हणायचं मला."

नवी वेबसाइट धाकटीने आणि लेकीने मिळून केली. एक तिकडून, एक इकडून. या वेळी फिरणारं चाक नाही, ढग नाहीत. वर दुकानाचं नाव, खाली नंबर, आणि तो लिहिलेला, म्हणजे बोटाने दाबला तरी लागतो आणि तोंडाने सांगितला तरी लागतो. माझ्यातलं काय घ्यायचं ते मालकांनी ठरवलं. ब्रेक कसा घासतो तो मजकूर त्यांनी हट्टाने घेतलाच. धाकटी म्हणाली, "हा माणूस सुधारणार नाही."

तपासायला मात्र त्यांनी गादीवाल्याला बोलावलं नाही, माहेरच्यांनाही नाही. शिकवणीच्या बाईंना बोलावलं. बाईंनी पहिल्या खेपेला सरळ नापास केली. "दुकान कुठल्या वेळात उघडं असतं ते माझा फोन वाचतच नाही," म्हणाल्या. दुसऱ्या खेपेलाही नापास, तेव्हा लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या खेपेला बाई घरी गेल्या आणि घरून, आपल्या खुर्चीत बसून, फोनला म्हणाल्या, "दुकानाला फोन लाव." इकडे दुकानात टेबलावरचा फोन खणखणला. मालकीणबाईंनी उचलला. "पास," बाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस मात्र काहीच झालं नाही. फोन मुका. मालक पुन्हा डबे पुसायला लागले आणि महिनाअखेर तर तोंडावर आली. मग लेकीच्या खिडकीवरून पाठवलेल्या एका माणसाचा फोन आला, त्याच्या वडिलांचा वॉकर हलत होता. मग एक आई आली, तिच्या मुलाची उंची वाढली होती आणि खुर्चीची पट्टी वर घ्यायची होती. ती रस्त्यातूनच बोटाने नंबर दाबून आली होती. मग भिंतीशी एक खुर्ची उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरी. शोरूमला उत्तर द्यायच्या दिवशी मालक एका खुर्चीखाली आडवे झाले होते आणि त्यांना तारखेचं भानच नव्हतं. शोरूमनेच फोन केला. मालकीणबाईंनी तो त्यांच्या कानाला लावून धरला.

"नाही, साहेब, मी नाही येत," मालक जमिनीवरूनच म्हणाले. "ठेवू का? गिऱ्हाईक थांबलंय माझं." मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे टिपले. मग त्या सुई शोधायला लागल्या, ती त्यांच्या हातातच होती.

राहिले मी. मालकांना मला एका कोपऱ्यात राहू द्यायचं होतं. "असू दे गं, काय खाते ती?" पण लेक म्हणाली, वेबसाइटच्या जुन्या पत्त्यावर चुकून कुणी आलं तर ते पुन्हा माझ्यातच अडकेल. तिचं बरोबर आहे. मालकांनी ते काम धाकटीवर टाकलं. "माझ्याच्याने नाही व्हायचं," म्हणाले. म्हणून धाकटी आज इतक्या लांबून आली आहे. ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे. तिने मला वरून खाली सावकाश बघितलं आणि म्हणाली, "किती चुका केल्यात गं मी." तिने पडद्यावरची धूळ ओढणीने पुसली. आता तिचा हात माउसवर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला टाकू नका. त्यांचं खरं असेल. माझं मागणं जरा वेगळं आहे. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत कुणाच्या तरी कामासाठी एखादी वस्तू केलेली असेल, तर अधूनमधून त्या माणसाच्या जागी बसून बघा. तो आत येऊ शकतोय का बघा. येत असेल तर ती वस्तू कितीही जुनी असो, गादीवाला काहीही म्हणो, तिला हात लावू नका. आणि येत नसेल, तर तुमचं तिच्यावर कितीही प्रेम असू दे, तिला सुटी द्या. तिलाही तेच हवं असतं. मी सांगते ना, तिला तेच हवं असतं.

आणि तेवढ्यात हा फोन वाजला. मालक खुर्चीखाली आहेत, दोन्ही हात ग्रीसमध्ये. मालकीणबाईंच्या तोंडात दोरा आहे. "अगं, घ्या कुणीतरी!" मालक ओरडतायत. धाकटीने माउस सोडला आणि फोन उचलला. "बोला. हो, हो, व्हीलचेअरचंच दुकान. हो, उघडं आहे. या ना." ती पेन शोधते आहे, पत्ता समजावते आहे, मला विसरून गेली आहे.

घे बाई, आधी तो फोन घे. मी थांबते.